पिकेलहाउबचा पुढचा व्हायझर शिवला तरी परत उसवतो, तेव्हा काय काय बघायचं

जर्मन सैन्याचं ते टोकवालं काळं चामडी हेल्मेट, पिकेलहाउब, त्याचा पुढचा व्हायझर (कपाळावर पुढे आलेली कड) शेलपासून, म्हणजे हेल्मेटच्या मुख्य घुमटापासून सुटतो, हा एकच बिघाड मी गेली आठ-नऊ वर्षं दुरुस्त करतोय. राहायला स्टुटगार्टजवळ, नोकरी वेगळीच, हे काम शनिवार-रविवारचं आणि सगळं हाताने. कुणी जुन्या बाजारातून उचललेलं आणतं, कुणाला बायकोच्या पणजोबांचं माळ्यावर सापडलेलं असतं, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच की अरे एकदा शिवून घेतलं होतं, छान बसलं होतं, पुढच्या हिवाळ्यात परत उसवलं. प्रत्येकाला तेच तेच सांगतोय म्हणून एकदा नीट लिहून काढतो. हे सगळं फक्त चामडी शेलसाठी आहे बरं का. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे चामडं मिळेना तेव्हा फेल्ट, पत्रा, कॉर्क अशा कशाकशाची हेल्मेटं निघाली, तुमचं त्यातलं असेल तर इथलं काही लावू नका.

आधी लक्षणं. यातली एक-दोन नाही तर तीन-चार एकत्र दिसतात बहुतेक वेळा:

- व्हायझर आणि शेलच्या मध्ये फट, माझ्याकडे आलेल्यांत जास्त करून कानशिलाकडच्या टोकांना आधी
- दोऱ्याची टोकं बाहेर आलेली, बोट लावलं की त्यांचं पीठ होतं
- किंवा दोरा धडधाकट पण भोकं लांबट झालेली, दोन भोकांमधलं चामडं फाटून पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं दिसतं
- शिवणीच्या ओळीने काळ्या लाखेला तडे, पोपडे
- व्हायझरच्या कडेची पितळी पट्टी सुटून उभी, हलवली की खुळखुळते
- वरून बघितलं तर शेल एका बाजूने दबलेलं
- कुठे पांढरी भुकटी, पितळेशेजारी हिरवं मेणचट काहीतरी, आतून बोटाला तांबूस भुगा

शिवण तुटते कारण कुठेतरी ताण आहे. तो ताण कुठून येतोय ते सापडेपर्यंत सुई-दोरा बाहेर काढायचाच नाही, हे मी फार महाग पडून शिकलो. माझं स्वतःचं पहिलं हेल्मेट मी मजबूत राहावं म्हणून पॉलिएस्टरच्या दोऱ्याने घट्ट शिवलं. ऑक्टोबरमध्ये शिवलं, फेब्रुवारीत बघतो तर दोरा जसाच्या तसा आणि चामडं भोकाभोकांतून कापलं गेलेलं, सलग अकरा भोकं. शंभर वर्षं टिकलेलं चामडं माझ्या एका दुपारच्या कामाने गेलं, ते अजून सलतं.

तर आता तपासण्या, फुकटातल्या आधी. सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, आतून पण.

१. अस्सल आहे का?

दोन मिनिटांचं काम. पिकेलहाउबच्या नकला खूप आहेत, भारतात बनून इकडे येणाऱ्याही आहेत. आतल्या बाजूचं कातडं सगळीकडे एकाच कोऱ्या रंगाचं, बाहेरचा काळा रंग स्प्रे मारल्यासारखा एकसारखा, पट्टा लावतात तिथे घासल्याची एक खूण नाही, असं सगळं असेल तर शंका घ्या. आत युनिटचा, वर्षाचा शिक्का नाही म्हणजे नकली असं मात्र नसतं, सैनिक स्वतःच्या पैशाने घेऊन पण वापरायचे. नक्कल असेल तर हवी तशी शिवा, काही बिघडत नाही. अस्सल असेल तर पुढे वाचा.

२. हेल्मेट टेकतं कशावर?

याला एक पैसा लागत नाही आणि निम्म्या केसेसमध्ये दोष इथेच असतो. शेल्फवर नुसतं ठेवलं की सगळं वजन पुढच्या-मागच्या व्हायझरच्या कडांवर येतं, म्हणजे शिवणीवर. वरती टोक, त्याची बैठक, समोरचं पितळी वापन म्हणजे राजचिन्ह, हे सगळं वजन दिवसरात्र त्या दोऱ्याला उचकटत असतं. उपाय म्हणजे आतून आधार द्यायचा, डोक्याच्या आकाराचा स्टँड, त्यावर ॲसिड नसलेल्या टिश्यू पेपरच्या गाद्या, आणि दोन्ही व्हायझर हवेत अधांतरी राहिले पाहिजेत. आधार घुमटाला मिळायला हवा. उचलताना पण टोकाला किंवा व्हायझरला धरायचं नाही, दोन्ही हात बाजूंनी खाली घालून उचला. एवढंच करून तीन आठवडे थांबा. फट वाढायची थांबली तर तुमचं उत्तर मिळालं, घाई करून शिवायची गरज नाही.

३. हवा

दहा-पंधरा युरोचा आर्द्रता मोजायचा मीटर घ्या आणि हेल्मेटच्या शेजारी ठेवा, हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात नाही. हिवाळ्यात बाहेरची ० अंशाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की गणिताने तिची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. आपण स्वयंपाक करतो, आंघोळी करतो, माणसं श्वास घेतात म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त असते, पण तरी कमीच. चामडं आकसतं, पितळ आकसत नाही. व्हायझरच्या कडेची पट्टी धातूची, तिची लांबी तेवढीच राहते, आत चामडं लहान होतं, मग पट्टी सुटते आणि सगळा ओढा शिवणीवर येतो. उन्हाळ्यात परत फुगतं, हिवाळ्यात परत आकसतं, असं दरवर्षी. दुरुस्ती पहिल्याच हिवाळ्यात का उसवते त्याचं मोठं कारण हेच. ४५ ते ५५ टक्के ठेवता आलं तर बघा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे सारखा चढउतार नको. हीटरच्या वरचं शेल्फ, खिडकीचं ऊन, दिव्यांचं तापणारं काचेचं कपाट, तिन्ही बाद.

मुंबईत, कोकणात, गोव्यात कुणाकडे हे हेल्मेट असेल तर त्रास उलटा, जुलैत हवा ८५ टक्क्यांच्या घरात, तिथे बुरशी आणि हिरवा थर आधी येतो. बंद डब्यात सिलिका जेल भरभरून टाकू नका पण, त्याने दोन दिवसांत जर्मन हिवाळा तयार होतो.

इथेच तेलाचं बोलून घेतो कारण प्रत्येक मराठी माणूस मला पहिला प्रश्न हाच विचारतो, कोरडं पडलंय तर तेल लावू का? आपल्याकडे कोल्हापुरी कडक झाली की तेल लावायची सवय आहे आणि चपलेला ते चालतं, कारण चप्पल वाकायला हवी. हे हेल्मेट वाकायला बनवलेलंच नाही. १८४२ साली प्रशियाच्या चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्म राजाने हे सैन्यात आणलं ते तलवारीचा वार अडावा म्हणून, शेल मुद्दाम कडक केलेलं आणि वर काळ्या लाखेचे थर. तेल आत गेलं की शेल मऊ पडतं, स्वतःच्या वजनाने बसतं, लाख खालून सुटते, पितळेशी मिळून हिरवी घाण होते, आणि पुढे कधी चिकटवायची वेळ आली तर काही चिकटत नाही. खोबरेल, नीट्सफूट, बुटाचं पॉलिश, काही नको. तेल पाजलेलं हेल्मेट आलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते परत काढता येत नाही.

४. हनुवटीचा पट्टा

हे कुणी बघतच नाही. मांडून ठेवताना पट्टा व्हायझरच्या वरून समोर ताणून लावलेला असतो. तो पण चामड्याचाच, तोही आकसतो, आणि घट्ट झाला की नेमका जोडावरच दाबत राहतो. बकल एक-दोन घरं सैल करा, पण पट्टा कडकडत असेल तर जबरदस्ती करू नका, बकलपाशी तो मोडतोच. १८९१ पासूनच्या बाजूच्या खुंट्यांवरून पट्टा काढायची वेळ आली तर कोकार्ड, म्हणजे पट्ट्याच्या टोकाशी बसणारी गोल रंगीत चकती, कुठल्या बाजूचं कुठलं ते लिहून ठेवा. उजवीकडचं काळं-पांढरं-लाल म्हणजे साम्राज्याचं, ते १८९७ मध्ये आलं, डावीकडचं त्या त्या राज्याचं, प्रशियाचं काळं-पांढरं-काळं. उलटसुलट बसवलेली मी किती बघितलीत.

५. पांढरं काय, हिरवं काय

पांढरी भुकटी शिवणीजवळ दिसली की लोक बुरशी म्हणून स्पिरिट लावतात. थांबा. कापसाच्या काडीने थोडं उचलून चमच्यात घ्या आणि चमचा खालून जरासा गरम करा. वितळलं तर ती चामड्यातून बाहेर आलेली चरबी आहे, बहुतेक कुणीतरी पूर्वी तेल लावलंय. वितळलं नाही आणि वासही कुबट असेल तर बुरशी धरा, हेल्मेट बाकी वस्तूंपासून बाजूला ठेवा, मास्क घाला, आर्द्रता खाली आणा आणि कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका. चमकदार खडे-खडे असतील आणि वस्तू एखाद्या जुन्या संग्रहातून आलेली असेल तर हात लावू नका. पूर्वी कीड लागू नये म्हणून संग्रहातल्या वस्तूंना आर्सेनिक, डीडीटी वगैरे मारायचे. ते काम तज्ज्ञाचंच.

आणि स्पिरिट का नको, तर जुन्या काळ्या थरात बऱ्याचदा लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एक पुसणी आणि काळं तुमच्या बोळ्यावर. ही लाख त्या काळी जगाला मुख्यतः आपल्या देशातूनच जायची, हे मला या कामातलं फार आवडतं, एवढ्या लांबच्या या टोपीवर आपल्या झाडांवरच्या किड्याची लाख.

हिरवं म्हणजे कळंक. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसंच, इथे आंबटपणा आणि चरबी चामड्यातली. त्याने भोकाजवळचं चामडं कमजोर होतं, दोरा पण कुजतो. लाकडी टूथपिकने कोरडंच खरवडून काढायचं, धातूची टोचणी नको. ब्रासो वगैरे शिवणीजवळ अजिबात नको, त्याची पांढरी पूड टाक्यांत जाऊन बसते आणि निघत नाही. १९१५ च्या मॉडेलला पितळेऐवजी राखाडी केलेलं लोखंड आहे, तिथे कळंक नसून गंज शोधा.

६. लाल भुगा

पांढऱ्या सुती कपड्याने आतून, लाख नसलेल्या जागी, हलकं पुसा. थोडा धुळीचा डाग आला तर ठीक. विटकरी भुकटी निघाली, आणि पुसत राहिलं तरी निघतच राहिली, तर चामडं आतून मेलंय. झाडाच्या सालीत कमावलेल्या जुन्या चामड्याला कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड बाधतो, आत आम्ल तयार होतं आणि तंतूच तुटतात. असं चामडं टाका धरूच शकत नाही, सुई घातली की चुरा.

हा भुगा शिवणीच्या ओळीत असेल तर इथेच थांबा. असा भुगा बांधून धरायला क्लुसेल नावाची पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात, व्हिडिओ पण आहेत, पण वर सांगितलं तसं अल्कोहोल आणि लाख यांचं वैर आहे, आतून लावलेलं झिरपून बाहेर येऊ शकतं. हे घरी करायला मी कुणालाच सांगत नाही.

७. दोरा गेलाय की भोक?

सगळ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही. दहापट भिंग आणि बाजूने पडणारा उजेड घ्या, एकेक भोक बघा, कागदावर ओळ काढून मांडा: चांगलं, लांबट, फाटलेलं. व्हायझरचे टाके आणि आतल्या लाइनरचे (डोक्याला लागणाऱ्या अस्तराचे) टाके वेगळे ओळखा, लाइनरचा दोरा चुकून कापला की काम दुप्पट. जुना गोंद आहे का ते बघा, पिवळा चकचकीत असेल तर कुणीतरी सुपरग्लू किंवा एपॉक्सी घातलाय. तो उपटायला जाऊ नका, सोबत चामडं येतं.

भोकं चांगली आणि नुसता दोरा कुजलेला असेल तर आनंदाची गोष्ट, हे घरी होतं. एकट-दुकट भोक फाटलं असेल तरी होतं. सलग तीन-चार फाटली असतील तर शिवण विसरा, आधी मागून अस्तर लागेल. ते म्हणजे जपानी कागद किंवा रापीने कागदासारखं पातळ तासलेलं कातडं, आणि चिकटवायला गव्हाची खळ किंवा लास्को ४९८ या गोंदासारखं काही, जे पुढच्या माणसाला परत काढता येईल. हातात कसब असेल तर करा, पहिलंच हेल्मेट असेल तर करू नका.

८. आकार जुळतोय का?

व्हायझर बोटांनी हलकेच जागेवर आणा. हलकेच म्हणजे पिकलेला चिकू दाबून बघतो तेवढंच. फट बुजली आणि भोकासमोर भोक आलं तर शेल ठीक आहे. नाही बुजली तर कागदाची पट्टी घेऊन व्हायझरची शिवणीची कड मोजा, मग शेलची तीच कड मोजा. दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर दोऱ्याने ओढून तो भरून काढायचा नाही, माझी अकरा भोकं अशीच गेली.

शेल नुसतं दबलेलं असेल, आकसलेलं नसेल, तर हळूहळू ओलाव्यावर आणता येतं. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात वेगळ्या ताटलीत ओला टॉवेल, हेल्मेटला न लागता, आणि आत तोच मीटर. ६५-७० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, दर तीन-चार तासांनी बघायचं, लाख पांढुरकी दिसायला लागली की लगेच बाहेर. जास्तीत जास्त दोन दिवस. मग आतून टिश्यूच्या गाद्या थोड्या थोड्या वाढवत आकार द्यायचा आणि आठवडाभर सावकाश वाळू द्यायचं. एका वेळी थोडंच. मला एका शेलला हे चार वेळा करावं लागलं, दोन महिने गेले.

कोमट पाणी, वाफ, हेअर ड्रायर, शेल पाण्यात बुडवणं, हे कुठेही वाचलं तरी करू नका. नवं सालीत कमावलेलं चामडं साधारण ७०-८५ अंशांना आक्रसून गोळा होतं, पण म्हातारं, आम्ल झालेलं चामडं ओलं असताना ४० अंशांच्याही खाली होऊ शकतं. म्हणजे आंघोळीच्या पाण्याने. आणि ते आक्रसलेलं परत कधीच सरळ होत नाही.

९. आता शिवण

इथपर्यंत सगळं ठीक आलं तरच. वापन काढायची गरज नाही, पितळी पट्टी पण शक्यतो काढू नका, तिचे दुपाखी काटे शंभर वर्षांत ताठरलेत, दुसऱ्यांदा वाकवले की तुटतात.

दोरा लिननचा, मधमाशीच्या मेणावरून ओढलेला, जुन्याइतक्याच जाडीचा. दोरा चामड्यापेक्षा कमजोर हवा, उद्या ताण आलाच तर दोरा तुटावा, चामडं नाही. दोरा दहा रुपयांचा, चामडं परत मिळत नाही. नायलॉन, पॉलिएस्टर म्हणूनच नको. दोन बोथट सुया, दोन्हीकडून एकाच भोकातून, चांभार शिवतात तसा टाका, जुन्याच भोकांतून. आरीने नवं भोक पाडायचं नाही, एक पण नाही, जवळजवळ भोकं पाडली की तिथेच ओळीने फाटतं. मधोमधून सुरू करून आलटून पालटून दोन्ही टोकांकडे जा, एका टोकापासून गेलात तर दुसऱ्या टोकाला भोकं जुळत नाहीत. टाका बसवायचा, आवळायचा नाही. चांगला शाबूत जुना टाका असेल तर तो तसाच राहू द्या, शेजारी नवा आला तरी हरकत नाही, फोटोत कळतं कुठला कुठला.

लाखेचे पोपडे आहेत तिथे वरून काळा रंग मारायचा मोह होतो. नका मारू. तडे म्हणजे त्या हेल्मेटचं वय आहे.

तज्ज्ञाला कधी फोन करायचा ते सरळ सांगतो. शिवणीत लाल भुगा असेल, सलग भोकं फाटली असतील, शेलला आरपार चीर असेल, कड दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आकसली असेल, जुना एपॉक्सी असेल, अधिकाऱ्याचं रेशमी अस्तराचं हेल्मेट असेल, किंवा घराण्यातलं असून आत कुणाचं नाव-युनिट लिहिलेलं असेल, जे ओलाव्याने पुसलं जाऊ शकतं. यातलं एक जरी असलं तरी मी स्वतःसुद्धा पुढे पाठवतो. जर्मनीत बॉनला रेस्टोरेटरांची संघटना आहे, व्हीडीआर, त्यांच्या यादीत चामड्याचं काम करणारे शोधता येतात. ब्रिटनमध्ये नॉर्थॅम्प्टनचं लेदर कॉन्झर्व्हेशन सेंटर. भारतात असाल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा. कोपऱ्यावरच्या चपलावाल्याकडे नेऊ नका, त्याचा हात कितीही चांगला असला तरी तो चपलेसारखं घट्ट शिवणार आणि सोल्युशन लावणार.

फोन करायच्या आधी पाच फोटो तयार ठेवा: समोरून, वरून, शिवणीची पूर्ण ओळ जवळून, आतली बाजू, आणि लाल भुग्याचं ते पांढरं फडकं. सोबत पूर्वी काय काय लावलंय ते खरं खरं लिहा, तेल लावलं असेल तर तेही, कारण कुठला गोंद धरेल ते त्यावरच ठरतं. आणि पाठवेपर्यंत हेल्मेट आतून आधार देऊन, पट्टा सैल करून, हीटरपासून लांब ठेवा, सुटलेला व्हायझर सेलोटेपने चिकटवू नका, मऊ सुती फीत सैलशी गुंडाळली की पुरतं.